खारे पाणी इंधन म्हणून वापरता येईल का?

कोथरूडकर: २००७ साली अमेरिकी संशोधक जॉन कांझियस यांनी रेडिओलहरींच्या साहाय्याने खारे पाणी पेटवून दाखवले होते. ते चित्रण पाहून माझ्या मुलीने विचारले, की मग आपण स्कूटरमध्ये पेट्रोल का भरतो? तिला काय सांगावे?

सदाशिव पेठ: जळतो तो लहरींच्या ऊर्जेने पाण्यातून सुटलेला हायड्रोजन, आणि जळून त्याचे पुन्हा पाणीच होते, त्यामुळे पाणी फोडायला घातलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा परत मिळणे शक्यच नाही. पाणी ही हायड्रोजनची राख आहे, असे तिला सांगा. विद्युत अपघटनाने, म्हणजे पाण्यातून वीज सोडून ते फोडून, एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते, आणि तो जाळून इंजिनाला मिळणारी उष्णता जेमतेम ३३ युनिटांची असते.

औंधवासी: पाणी फुटताना तिला घरीच दाखवायचे, तर नऊ व्होल्टच्या बॅटरीला पेन्सिलीची दोन शिसे जोडून ती मिठाच्या पाण्यात बुडवा. ऋण टोकाशी हायड्रोजनचे बारीक बुडबुडे दाटतील. धन टोकाशी मात्र क्लोरीनचा उग्र वास येईल. तो विषारी असल्याने खिडकी उघडी ठेवा आणि मिनिटभरात प्रयोग थांबवा.

कोथरूडकर: मनःपूर्वक आभार. रविवारी गच्चीत, मोकळ्या हवेत, आम्ही दोघे मिळून करून पाहू.