अनुभव धागा: ब्रदर कॅडफेल तुमच्या घरी कधी आला?

गवतीचहा
काल लेकाच्या खोकल्यासाठी काढा उकळत ठेवला होता. ज्येष्ठमधाचा वास घरभर झाला आणि एकदम बाबांचं १९९९ चं आजारपण आठवलं. दवाखान्याच्या व्हरांड्यातला बाक आणि मांडीवर ब्रिटिश लायब्ररीतून आणलेली एलिस पीटर्सची रहस्यकथा. १२ व्या शतकातला, इंग्लंडमधल्या श्रूझबरीचा बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या पंथाचा) मठ, खोपटात आढ्याला टांगलेल्या वाळक्या जुड्या आणि खाली मलम घोटत बसलेला वेल्श ब्रदर कॅडफेल. धर्मयुद्धात लढलेला, समुद्रावर फिरलेला, चाळिशी उलटल्यावर मठात आलेला. बाहेर राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण मॉड गादीसाठी झुंजतायत, आत वेळ झाली की घंटा. खून पडला तरी संध्याकाळची प्रार्थना चुकत नाही! माझ्या जेवणाखाणाचा, झोपेचा पत्ता नव्हता तेव्हा. त्या घंटेने फार धीर दिला. २० कादंबऱ्यांपैकी ७ त्या बाकावर झाल्या. तुम्ही कधी वाचलात? लिहा ना.

मनमाडकर
श्रूझबरी म्हणजे पुण्याच्या कॅम्पातल्या बिस्किटांची का?

गवतीचहा
हो, त्याच गावावरून नाव!

मनमाडकर
मग आज चहाबरोबर तीच. मालिका पाहिलीय मी, डेरेक जेकबीची. तिचं शूटिंग हंगेरीत झालंय म्हणे.

वाटणघाटण
तिसरं पुस्तक, 'मंक्स हूड'. हे एका विषारी झाडाचं नाव, आपल्या बचनागाच्या कुळातलंच ते. कॅडफेल सांधेदुखीवर चोळायच्या तेलात ते घालतो आणि कुणीतरी तेच तेल जेवणात कालवतं. स्वतःच्या हातचं औषध माणूस मारतं, तेव्हा त्याच्या पोटात काय होतं ते वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.
आमचे आजोबा वैद्य. बचनागाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर, गळ्याला लाल दोरा बांधलेली. गोमूत्रात भिजवायचा, मग शोधन (विषारीपणा कमी करणं) झाल्यावरच त्रिभुवनकीर्ती या तापावरच्या औषधात जायचा. त्या बरणीला हात लावला म्हणून काकाने एकदा सणसणीत खाल्ली होती. एलिस पीटर्स म्हणजे एडिथ पार्जेटर. बाईंनी तरुणपणी औषधाच्या दुकानात काम केलेलं. बरण्या हाताळलेलं माणूस लगेच ओळखू येतं.

सोनटक्का
वाटणघाटण, ज्येष्ठमध बीपी असलेल्यांना चालतं का गं? सासूबाई रोज चघळतात.

वाटणघाटण
रोज नको! बीपी वाढतं त्याने. डॉक्टरांना विचार आधी.

उंबरठा
मी दुसऱ्या पुस्तकाबद्दल लिहितो. १३३८, चुकलो, ११३८. स्टीफन श्रूझबरीचा किल्ला घेतो आणि आतल्या ९४ जणांना फाशी देतो. प्रेतं नीट पुरायचं काम कॅडफेल मागून घेतो. धुतो, सरळ निजवतो, मोजतो. ९५ भरतात. एक जास्त. बाकीचे म्हणतात मोजताना चूक झाली असेल. हा ऐकत नाही. एवढ्या ढिगात लपवलेला असला तरी तो एक खून आहे, आणि त्या पोराला नाव मिळालं पाहिजे.
२०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे मामा गेले. चेहरा बघायला मिळाला नाही, पिशवीवर फक्त नंबर होता. नंतर दोन महिन्यांनी हे पुस्तक हातात आलं. त्या मोजण्याच्या पानांवर मी खूप रडलो. लोक याला हलकंफुलकं रहस्य म्हणतात. असेल. मला त्यात मामांना कुणीतरी आंघोळ घातल्यासारखं वाटलं.

गवतीचहा
दादा, काय लिहू. कुकर बंद करून बसलेय.

सोनटक्का
🙏 आमचेही काका त्याच महिन्यात.

चंद्रभागाकाठ
आम्ही पंढरपूरचे. काकड्यापासून शेजारतीपर्यंत दिवस बांधलेला असतो, त्यामुळे मठाचं वेळापत्रक वाचताना परकं असं वाटलंच नाही. मध्यरात्री उठून जिन्याने खाली देवळात उतरणारे ते झोपाळू साधू! आजी तशीच पहाटे उठवायची, गार फरशीवर पाय टाकला की झोप उडायची. त्यांतही कुणी मानाला हपापलेला, कुणी चहाडखोर, कुणी साधाभोळा. मला खुनी कोण यापेक्षा यांचं आपसात कसं चालतं तेच वाचायला आवडतं.

टेम्सकाठी
श्रूझबरीला जाऊन आलेय. मठाचं चर्च अजून उभं आहे. जुन्या आवारातून मात्र रस्ता गेलाय. साधू जेवत असताना ज्यावरून वाचन चालायचं तो दगडी मंच रस्त्यापलीकडे एकटाच उरलाय. चर्चच्या आत संत बेनेडिक्टची रंगीत काचेची खिडकी आहे, १९९७ ची, पार्जेटरबाईंच्या स्मरणार्थ. त्या १९९५ मध्ये गेल्या. मी तिथे बराच वेळ बसले होते. बाहेर ट्रकांचा आवाज चालूच होता.

मनमाडकर
उंबरठा, ते दुसरं पुस्तक आहे का तुमच्याकडे? शनिवारी पुण्यात येतोय.

उंबरठा
आहे. घरीच या. बिस्किटं आणा.

वाटणघाटण
गवतीचहा, पोराचा खोकला कसा आहे?

गवतीचहा
आत्ता झोपलाय. दोनदा उठला रात्री. मी जागीच होते, आठवं पुस्तक काढलंय.