अमेरिकेत आश्रयाची केस: मानवी हक्कांत काम केलेला वकील घ्यावा का?

तापीकाठ (चोपडा)
भाचा आणि भाचेसून अमेरिकेत आहेत. आंतरजातीय लग्न. मुलीच्या माहेरच्यांनी दोनदा मारहाण केली, ठाण्यात फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली. आता दोघांनाही इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आलीय, पहिली तारीख सात आठवड्यांवर. तिकडे उतरून नऊ महिने होऊन गेले. ओळखीतून दोन वकील कळले. एक व्हिसा, ग्रीन कार्डची नेहमीची कामं करतात, दुसऱ्या बाई आधी मानवी हक्क संघटनेत होत्या. बाईंची फी जास्त आहे. फरक खरंच पडतो का? आणि इकडे बसून आम्ही काय करायचं?

वाघूर (जळगाव)
भाऊ, वकिलाच्या आधी तारीख बघा. आश्रयाचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-५८९, अमेरिकेत पोचल्यापासून एक वर्षाच्या आत दाखल व्हावा लागतो. पहिल्या सुनावणीची वाट बघायची गरज नाही, त्याआधीही कोर्टात दाखल करता येतो. वर्ष उलटलं तर अपवाद फार थोडे. मग उरतं ते 'विथहोल्डिंग' (म्हणजे त्या देशात परत पाठवणं रोखणारा आदेश) किंवा छळविरोधी कराराखालचं संरक्षण. त्याला वर्षाची अट नाही, पण तिथे छळ होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे हे दाखवावं लागतं. आश्रयासाठी एवढी शक्यता लागत नाही. १९८७ च्या कार्डोझा-फॉन्सेका निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दहा टक्के शक्यतासुद्धा पुरेशी ठरू शकते असं म्हटलंय. एका तारखेपायी केस केवढी अवघड होते ते यावरून कळेल.

पत्ता बदलला की पाच दिवसांत ईओआयआर-३३ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा. तो राहून गेला तर नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, माणूस तारखेला हजर नसतो आणि गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघतो.

दोघा वकिलांची तपासणी करा. इमिग्रेशन कायदा केंद्राचा, त्यामुळे कोणत्याही एका राज्याची सनद असलेला वकील देशभरातल्या इमिग्रेशन कोर्टांत उभा राहू शकतो. सनद चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झालीय का, ते त्या राज्याच्या बारच्या (वकिलांच्या संस्थेच्या) वेबसाइटवर दिसतं. 'नोटरी' किंवा 'कन्सल्टंट' अशी पाटी लावणारा तिकडे वकील नसतो. वकीलपत्र म्हणजे ईओआयआर-२८. ते कोर्टात दाखल झाल्याची प्रत मागा, नुसत्या पावतीवर विसंबू नका. फीच्या करारात पहिली छोटी सुनावणी, पुराव्याची मोठी सुनावणी आणि अपील वेगवेगळं लिहून घ्या. बहुतेक वाद अपिलाच्या पैशावरून होतात.

सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, पण विनामूल्य काम करणाऱ्या संस्थांची यादी इमिग्रेशन कोर्टच देतं. फी झेपणार नसेल तर आधी तिथे फोन लावायला सांगा.

गिरणा_धुळे
फरक पडतो, आणि तुमच्या केसमध्ये तर जास्तच. व्हिसाच्या कामात कागद पूर्ण असले की काम होतं. आश्रयात कागद असूनही केस पडते, कारण वाद तीन ठिकाणी होतो.

पहिला वाद कारणाचा. मारहाण झाली एवढं पुरत नाही. ती वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी एखाद्या कारणाने झाली हे दाखवावं लागतं. सरकारी वकील म्हणणार, हे दोन घरांचं खासगी भांडण. सामाजिक गट कोणत्या शब्दांत मांडायचा, इथे अनुभव कामी येतो.

दुसरा, पोलीस संरक्षण देऊ शकत नव्हते किंवा देत नव्हते का. इथे एक अडचण आहे: भारतात कायदा चांगला आहे. शक्ती वाहिनी निकालात २०१८ साली सुप्रीम कोर्टाने अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष, सुरक्षित निवारा यांचे निर्देश दिलेत. न्यायाधीश तो निकाल वाचून म्हणू शकतात की संरक्षण तर उपलब्ध होतं. मानवी हक्कांत काम केलेला वकील कागदावरचा कायदा आणि ठाण्यातला अनुभव यांतलं अंतर अहवाल, तज्ज्ञ साक्षीदार आणि तुमच्या कागदांतून दाखवतो. हेच त्या लोकांचं रोजचं काम असतं.

तिसरा प्रश्न हमखास येतो: देशातच दुसरीकडे का गेला नाहीत? सुरतला किंवा पुण्याला राहून पाहिलं असेल आणि तिथेही माणसं पोचली असतील, तर भाडेकरार, कारखान्याचं ओळखपत्र, तिकिटं, फोनवरचे मेसेज, सगळं जपा.

वकीलबाईंना दोन प्रश्न विचारा. भाचेसुनेचा जबाब नवऱ्याशिवाय, वेगळा घेणार का? नवऱ्याच्या अर्जात तिचं नाव घालता येतं, पण ती स्वतंत्र अर्जही करू शकते, आणि मार खाल्लेली बाई सगळ्यांसमोर सगळं सांगत नाही. दुसरा प्रश्न, इस्तंबूल प्रोटोकॉलप्रमाणे डॉक्टरकडून जखमांची आणि मानसिक तपासणी करून घेणार का? छळाच्या खुणा नोंदवायची ही संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली पद्धत आहे. आणि हो, इमिग्रेशन कोर्टात पुराव्याच्या किती सुनावण्या चालवल्या तेही विचारा. संघटनेत फक्त अहवाल लिहिले असतील तर ते पुरेसं नाही.

सातपुडा_शहादा
इकडची कामं सांगतो. ग्रामीण रुग्णालयातले एमएलसीचे (मारहाणीच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीचे) कागद आणि एनसीची प्रत काढा. तक्रारीचं पुढे काय झालं हे माहिती अधिकारात विचारा, उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाका. ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिल्यावर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवला होता का? तो कायद्यात आहे (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४), आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५४(३)). पाठवला असेल तर पोस्टाची पावती शोधा.

प्रत्येक मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं, सोबत भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र: दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे.

सगळ्यात मोठा घात विसंगतीने होतो. अमेरिकेतल्या २००५ च्या रिअल आयडी कायद्यानंतर किरकोळ तफावतीवरूनही साक्ष अविश्वसनीय ठरवता येते. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून, जन्मनोंदीत वेगळी तारीख. एकीकडे पाटील, दुसरीकडे चौधरी. हे दडवू नका, वकिलाला आधीच सांगा म्हणजे अर्जातच खुलासा जातो. गावातल्या दहा जणांची एकाच मजकुराची प्रतिज्ञापत्रंही नकोत. ज्याने जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच, त्याच्या शब्दांत. कोणी एजंट 'कहाणी जरा वाढवू' म्हणाला तर ठाम नकार द्या. जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं सिद्ध झालं तर पुढचे सगळे इमिग्रेशन लाभ कायमचे बंद होतात.

तापीकाठ (चोपडा)
फार आभार. दोन शंका. घरात अहिराणीच बोलतात, दुभाष्याचं काय? आणि भारतीय दूतावासाला कळवू का?

गिरणा_धुळे
कोर्ट दुभाषी फुकट देतं. पहिल्याच तारखेला 'मराठी' असं नोंदवायला सांगा, आणि घरची बोली अहिराणी आहे हे वकिलाने लेखी कळवावं. 'हिंदी चालेल' म्हणू नका, जबाबातल्या तारखा आणि नाती तिथेच चुकतात. दूतावासाचं वकीलबाईंना विचारल्याशिवाय करू नका. पोलिसांनी संरक्षण दिलं नाही असं म्हणत असताना घरच्यांनी सरकारकडे धाव घेतली तर उलटतपासणीत त्यावर प्रश्न येऊ शकतो.