ऑटिझमच्या रिसर्च स्टडीत मुलाला घालावं का? कोणी भाग घेतलाय का?

नाशिकची_आई
नमस्कार. मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान मागच्या वर्षी झालं, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. परवा फॉलोअपला गेलो तर हॉस्पिटलच्या मॅडम म्हणाल्या आमच्याकडे एक स्टडी सुरू होतेय, आईवडलांनाच शिकवतात मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, तुम्ही येता का. पण दोन गट असणार, कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार आणि दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचीच थेरपी. शिवाय आमच्या तिघांच्या लाळेचं सॅम्पल पण हवंय, त्याचा फॉर्म वेगळा. मिस्टर म्हणतात करूया, सासूबाई म्हणतात माझ्या नातवावर प्रयोग नकोत, मी मधल्यामधे. फॉर्म सगळा इंग्लिशमध्ये, सही मंगळवारपर्यंत द्यायचीये. आणि नाही म्हटलं तर तिथली ओपीडी बंद करतील का ही पण धास्ती आहे.

म्हापसेकर
ताई, हे जे पालकांना शिकवायचं आहे ना, त्यावर आमच्या गोव्यात आधीच काम झालंय. पास नावाची ट्रायल, गोवा आणि पाकिस्तानात रावळपिंडी अशा दोन ठिकाणी, २ ते ९ वयाची ६५ मुलं, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत छापून आली. शिकवणारे डॉक्टर नव्हते, ट्रेनिंग दिलेले साधे कार्यकर्ते होते. मुलं आईवडलांशी स्वतःहून जास्त बोलायला-खुणावायला लागली, पण सगळ्याच मापांत सुधारणा दिसली असं नाही, तेव्हा चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.
आमच्या लेकीसाठी आम्ही याच धर्तीचं ट्रेनिंग घेतलं (त्या ट्रायलमध्ये नव्हतो). तुम्ही खेळता त्याचा व्हिडिओ काढतात आणि मग तुमच्याच बरोबर बसून बघतात. आमच्या व्हिडिओत लेक झाकण गरगर फिरवतेय, मधेच मान वर करून आईकडे बघते, आणि नेमकी त्याच क्षणी आई पिशवीतून पुढचं खेळणं काढतेय. शिकवणाऱ्या ताईंनी तिथे व्हिडिओ थांबवला आणि काहीच बोलल्या नाहीत, बायकोला आपोआप कळलं. मला विचाराल तर हा भाग कराच.

कोऑर्डिनेटर_होते
मी काही वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटरचं काम केलंय म्हणून लिहिते. आधी ओपीडीचं. नाही म्हटल्याने किंवा अर्ध्यातून बाहेर पडल्याने नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत, कारण पण द्यावं लागत नाही, आणि हे फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं, शोधा. दुसरं, मराठी फॉर्म मागा. तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती देणं त्यांना बंधनकारक आहे, घरी नेऊन वाचायला पण मिळतो. मंगळवारची घाई त्यांची आहे, तुमची नाही 🙂
सीटीआरआय नंबर विचारा, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया. साइट फुकट आहे, कोणीही बघू शकतं, नंबर टाकला की स्टडी कोणाची, पैसा कोणाचा, किती मुलं घेणार सगळं दिसतं. एथिक्स कमिटी, म्हणजे स्टडीला मंजुरी देणारी आणि त्यात भाग घेणाऱ्यांचं हित बघणारी समिती, तिचा फोन फॉर्मवर असतो, त्यावर पालकांनी फोन केलेला चालतो, खुशाल करा.
दोन गटांचं वाईट वाटतं मला माहितीये, आया रडायच्या आमच्याकडे. पण १९९९ मध्ये अमेरिकेत सिक्रेटिन या हार्मोनची ट्रायल झाली, तेव्हा ऑटिझमवर औषध सापडलं म्हणून आईबाप त्याच्या मागे धावत होते. ६० मुलं घेतली, निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना नुसतं सलाइन, आणि सुधारणा दोन्हीकडे सारखीच दिसली. दुसरा गट नसता तर ते इंजेक्शन आजही विकलं गेलं असतं. तुमच्या स्टडीत एवढंच विचारा की दुसऱ्या गटाला शेवटी ते ट्रेनिंग देणार का, बऱ्याच ठिकाणी देतात.

ठाणेकर७४
पैसे मागतायत का ते बघा आधी. आम्हाला एका ठिकाणी स्टेम सेलचं 'रिसर्च पॅकेज' सांगितलेलं, लाखांत, वर डिस्काउंट. रिसर्चला पॅकेज असतं का हो?? आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) नियमात अजून सिद्ध न झालेली स्टेम सेल थेरपी फक्त ट्रायलमध्येच देता येते आणि पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशन, डॉक्टरांवर देखरेख करणारी संस्था) एथिक्स बोर्डाने पण डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी ही ट्रीटमेंट नको असं सांगितलंय. तुमचे फुकट शिकवतायत म्हणजे निदान ती भानगड नाही. जायचायायचा खर्च मात्र मागून घ्या, नाशकात रिक्षा काही स्वस्त नाही.

जर्सीवाली
लाळेबद्दल. आम्ही न्यू जर्सीत स्पार्कमध्ये आहोत, सायमन्स फाउंडेशनचा ऑटिझमच्या जीन्सवरचा प्रोजेक्ट, २०१६ पासून चालू, फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. किट पोस्टाने घरी येतं. लेकाला ट्यूबमध्ये थुंकता येईना तर लहान मुलांसाठी गालाच्या आतून पुसायचे स्पंज असतात त्यांनी घेतलं, तेही तो आंघोळीला बसलेला असताना. त्यातून थेरपी मिळत नाही, उपयोग झाला तर पुढच्यांना. तुम्ही विचारा की सॅम्पल किती वर्षं ठेवणार, नावाऐवजी कोड टाकणार का, परदेशात जाणार का, आणि जीन्समध्ये भलतंच काही सापडलं तर तुम्हाला सांगणार का. आमच्याकडे कायद्याने हेल्थ इन्शुरन्सवाले जेनेटिक रिपोर्टवरून अडवू शकत नाहीत, पण लाइफ इन्शुरन्सला तो कायदा लागू नाही, हे मला सही करण्याआधी नवऱ्याने शोधून दिलं. फॉर्म वेगळा आहे ते बरंच, एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं का ते विचारा.

शांत_कोपरा_पुणे
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय २६. सगळे फॉर्मबद्दल बोलतायत म्हणून लिहितो. सात वर्षांच्या वरच्या मुलाला विचारावंच लागतं असा नियम आहे, तुमचा लहान आहे म्हणून सही तुमचीच. पण त्याला नको असेल तर तो सांगेलच, शब्दात नसेल, कान झाकेल, दाराकडे जाईल, अंग ताठ करेल. अशा वेळी कॅमेरा बंद करणार का, तेव्हाच्या तेव्हा, हे मॅडमना आधी विचारा. त्या काय उत्तर देतात त्यावरून मी ठरवलं असतं. आणि खोली एकदा आधी दाखवून आणा, एसीचा आवाज, ट्यूबलाइट वगैरे. स्टडी कशाला 'सुधारणा' म्हणते ते पण वाचा, नजरेला नजर देणं मोजणार असतील तर मला ते आवडणार नाही.

नाशिकची_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे. मॅडमना फोन केला, मराठी फॉर्म आहे म्हणाल्या, मग आधी का नाही दिला देव जाणे. मंगळवारचं पण पुढे ढकललं. ट्रेनिंगच्या गटात नाही आलो तर सहा महिन्यांनी शिकवणार आहेत. कॅमेऱ्याचं विचारलं तर लगेच म्हणाल्या, तो उठला की बंद, परत कधी बसवायचं ते तुम्ही सांगा. लाळेला सध्या नाही सांगितलंय, चालेल म्हणाल्या. सासूबाईंना शनिवारी खोली बघायला बरोबर नेतेय. सीटीआरआयच्या साइटवर नंबर टाकला तर स्टडी दिसतेय, पण तिथे 'नॉट येट रिक्रूटिंग' (अजून मुलं घेणं सुरू नाही) लिहिलंय आणि इथे तर आम्हाला विचारलं, हे कसं काय?

कोऑर्डिनेटर_होते
बरेचदा नुसतं अपडेट करायचं राहिलेलं असतं. पण सही करण्याआधी विचाराच, एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र पण दाखवा म्हणावं. ट्रायल पहिल्या मुलाला घेण्याच्या आधी रजिस्टर झालेली असावी लागते, तर नोंदणीची तारीख त्याच पानावर आहे, ती बघून घ्या.