शान-श्वे म्हणजे निसर्गचित्र की भूदृश्य?

सांजवेळ:
इथे सिंगापुरात मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी वू ग्वानझोंग या चिनी चित्रकारावर दोन पानं लिहितेय, नॅशनल गॅलरीत त्याची चित्रं बघून आले त्यावर. माणूस १९४७ ते १९५० पॅरिसला शिकला, ऑइलमध्ये काम केलं आणि पन्नाशी उलटल्यावर शाई-कागदाकडे वळला. त्याच्या दक्षिणेकडच्या गावांत घराची भिंत म्हणजे नुसता कोरा कागद आणि वर कौलांचा एक काळा पट्टा, बास. मी सरळ 'निसर्गचित्र' लिहिलं तर संपादक काकांनी खोडून 'भूदृश्य' केलं. चिनी शब्द शान-श्वे, शान डोंगर, श्वे पाणी. मग भूदृश्यात पाणी गेलं कुठे?

जुना खडू:
काकांनी खोडलं ते बरोबरच. आमच्या वेळी एलिमेंटरीला निसर्गचित्र म्हणजे समोर ठेवलेली जास्वंदीची फांदी, पानाच्या शिरा मोजत बसायचो. पण भूदृश्य कुठल्या चित्रकाराच्या तोंडून ऐकलेलं नाही, सगळे 'लँडस्केप करायला वाईला चाललोय' असंच म्हणतात.

खवचट:
दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी. याला आपल्याकडे सीनरी म्हणतात ताई. विषय संपला.

बोरूबहाद्दर:
संपला कसा? लँडस्केप इंग्रजी, सीनरी इंग्रजी. चहापाणी, दाणापाणी चालतं तर 'डोंगरपाणी' का नको?

सांजवेळ:
डोंगरपाणी म्हटलं की डबा घेऊन निघाल्यासारखं वाटतं :) पण आवडलं. आता दुसरं त्रांगडं. खडकाचा पोत दाखवायचे जे फटकारे असतात त्यांना 'त्सुन' म्हणतात, मूळ अर्थ थंडीने तडकलेली कातडी. काकांनी 'सुरकुत्या' केलंय. सुरकुती मऊ हो, इथे कोरडा ब्रश घासत गेलेला असतो आणि मधे मधे पांढरा कागद दिसत राहतो.

जुना खडू:
मग उलणे! आमची आजी 'टाचा उलल्यात' म्हणायची आणि रात्री भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, चोळून बसायची. उललेला डोंगर, बघा जमतंय का.

बोरूबहाद्दर:
उलणे फर्मास. पण ब्रश काढा, कुंचला लिहा. मूळ संस्कृत कूर्च.

खवचट:
आणि शाई चालते? ती फारसी सियाहीची, म्हणजे काळी. म्हणजे निळी शाई ही निळी काळी झाली की.

बोरूबहाद्दर:
शाई रुळलीय.

खवचट:
मग ब्रश काय कालच बोटीतून उतरला का? सकाळी दात कुंचल्याने घासता?

सांजवेळ:
भांडा भांडा, वूच्या नशिबी पण हेच होतं. त्याने 'ब्रश-शाई म्हणजे शून्य' या नावाचा लेख लिहिला, म्हणजे चित्रातून वेगळ्या काढलेल्या फटकाऱ्याला स्वतःची अशी किंमत नाही, तर तिकडचे परंपरावाले असे खवळले की तो वाद कित्येक वर्षं चालला.

बोरूबहाद्दर:
कुंचला-शाई लिहा. ब्रश-शाई असेल तर शून्यच.

सांजवेळ:
काकांचा मेसेज आला, उद्या अंक छापायला जातोय. भूदृश्य ठेवू का काढू, कुणीतरी सांगा ना.

कोकणकडा:
ते भिरंडेल हल्ली चांगलं कुठे मिळतं? बाजारातल्या वडीला तो वासच नाही.

जुना खडू:
वडी नाही हो, गोळा बघून घ्या. आमच्याकडे त्याला मुठेल पण म्हणतात, मुठीत वळतात म्हणून.

बोरूबहाद्दर:
मुठेलची ही व्युत्पत्ती मला पटत नाही.