मोबाईल सगळ्यांकडे आहे, पण कागद कोण वाचणार?

प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, आता वेगळे पत्रकार कशाला हवेत, असं या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय. मोर्चा, लाठीमार, अपघात यापुरतं पटतं, तिथं मोबाईलवाला आधी पोचतोच. पण बरेचसे घोटाळे कॅमेऱ्यात दिसत नाहीत हो, ते बजेटच्या कुठल्यातरी पानावर नाहीतर बैठकीच्या इतिवृत्तात पडून असतात आणि ते वाचत बसायला पगारी माणूस लागतो.

कॅलिफोर्नियातल्या बेल शहराचं उदाहरण अजून कोणी दिलं नाही म्हणून देतो. जेमतेम ३५-३६ हजार वस्ती, त्यातही गरीब बरेच, आणि तिथला सिटी मॅनेजर म्हणजे शहराचा मुख्य प्रशासक वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेत होता (तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षाला ४ लाख!). कौन्सिलच्या बैठकांना नियमित जाणारा वार्ताहर नव्हताच, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नाही. २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सचे दोन पत्रकार खरंतर शेजारच्या मेवूड शहराची भानगड बघत होते, तिथून बेलचा धागा लागला, मग त्यांनी पगाराचे कागद मागितले आणि सगळं बाहेर आलं. पुढे पुलित्झर (पत्रकारितेतला मोठा पुरस्कार) वगैरे मिळालं ते सोडा, २०११ च्या मार्चमध्ये मतदारांनी जुन्या नगरसेवकांना हाकलून नवीन कौन्सिल निवडलं आणि २०१४ मध्ये मॅनेजरला १२ वर्षांची शिक्षा झाली. मोबाईल तेव्हाही होतेच की लोकांकडे.