समुद्रातील प्लास्टिकवर जिवाणू कसे वसाहत करतात?

प्रश्न (केळी उत्पादक, रावेर)
ठिबकच्या नळ्या शेवटाकडून उघडून धुताना आतून तपकिरी, बुळबुळीत गाळ निघतो, हे आपल्याकडील बहुतेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्यात मातीबरोबर जिवाणूही असतात आणि म्हणूनच क्लोरीन सोडावे लागते. आपली तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते, आणि पुरात काठावरचे कितीतरी प्लास्टिक तिच्यासोबत जाते. खाऱ्या पाण्यातही त्यावर असाच थर बसतो का? गुळगुळीत प्लास्टिकवर खायला काहीच नसताना जिवाणू टिकतात कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक, जळगाव)
थर तिथेही बसतो, आणि फार लवकर बसतो. समुद्राच्या पाण्यात प्रथिने, शर्करा व इतर सेंद्रिय पदार्थ विरघळलेले असतात. प्लास्टिक पाण्यात पडल्यावर काही मिनिटे ते काही तासांतच हे पदार्थ त्याला चिकटून अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. म्हणजे पहिला जिवाणू येऊन टेकतो तो कोऱ्या प्लास्टिकवर नव्हे, तर या पापुद्र्यावर. खुल्या समुद्रात अन्न फार विरळ असल्यामुळे ते जिथे साचते असा कोणताही घट्ट पृष्ठभाग जिवाणूंना सोयीचाच ठरतो.

सुरुवातीची पकड सैल असते आणि प्रवाहाने ती सुटूही शकते. मात्र जिवाणू चिकट स्राव सोडू लागले, की त्यात ते स्वतः रुतून बसतात आणि नंतर येणाऱ्यांनाही थारा मिळतो. अल्टरोमोनाससारखे गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया आणि ऱ्होडोबॅक्टर कुळातील जिवाणू साधारणपणे आधी येतात. मोठे शर्करारेणू फोडणारे फ्लेवोबॅक्टेरिया पुढे वाढतात, आणि जिथे ऊन पोहोचते तिथे डायटम नावाचे एकपेशीय सूक्ष्म शैवालही येतात. झेटलर, मिन्सर आणि अमराल-झेटलर या संशोधकांनी उत्तर अटलांटिकमधील प्लास्टिकचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांवरील जिवाणूसमूह भोवतालच्या पाण्यातील समूहापेक्षा वेगळा आढळला. 2013 मध्ये त्यांनी या वस्तीला ‘प्लास्टिस्फिअर’ असे नाव दिले.

उत्तर (रसायनशास्त्राचा विद्यार्थी, धुळे)
एक पुरवणी जोडतो, कारण ‘प्लास्टिक खाणारे जिवाणू’ अशा मथळ्यांनी लोकांची दिशाभूल होते, असे मला मनापासून वाटते. प्लास्टिकवर राहणे वेगळे आणि ते पचवणे वेगळे. पॉलिथिनची कार्बनसाखळी इतकी लांब असते, की ती पेशीत शिरूच शकत नाही. आधी उन्हातील अतिनील किरणांनी तिचे तुकडे पडावे लागतात, आणि त्यानंतरही विघटन अत्यंत संथ असते. 2016 मध्ये वर्णन झालेला इडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) पचवतो हे खरे आहे, पण तो जपानमधील बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळच्या नमुन्यांत सापडला होता, समुद्रात नव्हे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. थर वाढत गेला तर तरंगणारे पॉलिथिन बुडते का?

उत्तर (अध्यापक, जळगाव)
बुडू शकते. पॉलिथिनची घनता साधारण 0.91 ते 0.97, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे 1.025 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते, त्यामुळे ते आधी तरंगते. जिवाणूंमागून शैवाल, शिंपल्यासारखे कवच असलेले बार्नेकल वगैरे येऊन बसले, की एकत्रित घनता पाण्यापेक्षा जास्त होऊ शकते. लहान तुकड्यांवर आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्याने ते लवकर खाली जातात. खोलवर प्रकाश न मिळाल्याने शैवाल मरून थर कमी झाला, तर तोच तुकडा पुन्हा वर येण्याचीही शक्यता असते. म्हणूनच केवळ पृष्ठभागावरील तुकडे मोजून समुद्रात किती प्लास्टिक आहे ते ठरवता येत नाही.