स्कॉटलंडमधील ग्लेन लायन खोऱ्यात तीन दिवस: सल्ला हवा आहे

प्रश्न (पुण्याहून)

नमस्कार. येत्या मे महिन्यात माझा भाऊ जिथे नोकरी करतो त्या एडिनबरोला आम्ही जाणार आहोत. बरोबर पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई असेल. आईचे गुडघे दुखतात, पण सपाट वाटेवर ती अर्धा तास आनंदाने चालते. शहर पाहून झाल्यावर तीन दिवस हाताशी उरतात आणि बहुतेक सहल कंपन्या त्या तीन दिवसांत ग्लेनको, स्काय बेट आणि लॉख नेस अशी धावपळ सुचवतात. आईचे बालपण पवन मावळात गेले असल्यामुळे नदी, तिच्या काठची शेते आणि दोन्ही बाजूंचे डोंगर असे एखादे शांत खोरे निवांतपणे पाहावे, अशी तिची इच्छा आहे. नकाशा पाहताना पर्थशायरमधील ग्लेन लायन हे नाव समोर आले. तिथे कुणी राहिले आहे का? भाड्याची गाडी मीच चालवणार आहे. आम्ही सर्व शाकाहारी आहोत.

प्रतिसाद (पर्थहून)

मी गेली अकरा वर्षे पर्थमध्ये राहतो आणि ग्लेन लायनला दरवर्षी किमान दोनदा जातो. आपली निवड उत्तम आहे, आणि आईंना मावळ आठवत असेल तर ती अधिकच योग्य आहे. आपल्याकडे पवनेच्या खोऱ्याला पवन मावळ म्हणतात, तसेच इथे लायन नदीच्या खोऱ्याला ग्लेन लायन म्हणतात. ग्लेन म्हणजे डोंगरांमधले अरुंद, लांब खोरे. स्कॉटलंडमधील सर्वांत लांब बंदिस्त खोऱ्यांत याची गणना होते आणि तरीही ग्लेनकोसारखी गर्दी इथे नसते, कारण रस्ता अरुंद आहे आणि वरच्या टोकाला तो धरणापाशी संपतो.

माझी आग्रहाची विनंती अशी की, तिन्ही दिवस याच परिसराला द्या. स्काय बेट एडिनबरोहून एका बाजूनेच पाच तासांहून अधिक लांब आहे आणि आईंचा सगळा वेळ गाडीत जाईल. त्यापेक्षा अ‍ॅबरफेल्डी या छोट्या गावात किंवा लॉख टे सरोवराच्या काठी केनमोर येथे स्वयंपाकघर असलेले घर दोन रात्रींसाठी घ्या. एडिनबरोहून अ‍ॅबरफेल्डी सुमारे दोन तासांवर आहे. जाताना डंकेल्ड येथे थांबून हर्मिटेज या वनराईतील उंच डग्लस फर वृक्षांखालून नदीकाठाने थोडे चालता येईल.

दुसरा दिवस पूर्णपणे खोऱ्यासाठी ठेवा आणि सुरुवात फॉर्टिंगॉलपासून करा. तिथल्या चर्चच्या आवारात यू जातीचा एक सदाहरित वृक्ष आहे (यूमध्ये नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात), ज्याचे वय काही जाणकार दोन-तीन हजार वर्षे मानतात, तर काही त्याहूनही अधिक सांगतात. 1769 मध्ये त्याचा घेर मोजला तेव्हा तो 50 फुटांहून अधिक भरला होता. पुढे लोकांनी आठवण म्हणून त्याचे तुकडे तोडून नेले, म्हणून त्याच्याभोवती भिंत बांधावी लागली. जाताना एवढे लक्षात ठेवा की, आपल्याकडच्या एखाद्या पुरातन वडासारखे विस्तीर्ण झाड तिथे दिसत नाही. भिंतीच्या आत मूळ बुंध्याचे वेगवेगळे झालेले भाग उभे आहेत आणि पूर्वीचा घेर दाखवण्यासाठी जमिनीत लाकडी खुंट्या रोवलेल्या आहेत. त्या खुंट्यांवरून नजर फिरवली की हे झाड केवढे होते याचा अंदाज येतो. आपल्या मुलीला त्या अवश्य दाखवा. हा वृक्ष नर मानला जात असे, परंतु 2015 मध्ये त्याच्या एका फांदीवर लाल फळे आढळली, म्हणजे तेवढी फांदी मादी झाली होती. इतक्या जुन्या झाडात अजून असा बदल होतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रतिसाद (ग्लासगोहून)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. आपण गाडी चालवणार असल्यामुळे रस्त्याबद्दल सविस्तर लिहिते.

इथे डाव्या बाजूनेच गाडी चालवतात आणि भारतीय परवान्यावर पर्यटकाला बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. तरीही गाडी भाड्याने घेताना आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असलेला बरा. फॉर्टिंगॉलच्या पुढे रस्ता एकेरी, म्हणजे एका वेळी एकच गाडी जाईल इतका अरुंद होतो आणि ठिकठिकाणी समोरच्याला वाट देण्यासाठी रुंद जागा केलेली असते. ही जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरून थांबायचे. उजव्या हाताला असेल तर रस्ता ओलांडून तिकडे जायचे नाही, तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचे, म्हणजे समोरची गाडी त्या जागेतून वळसा घेऊन पुढे जाते. मागून स्थानिकाची गाडी आली तर तिलाही पुढे जाऊ द्यावे. फोटो काढण्यासाठी या जागांमध्ये गाडी कधीही उभी करू नये.

ही काळजी मी अनुभवावरून सांगते आहे. पहिल्या वर्षी समोरून लाकडांचा मालट्रक आल्यावर मी घाबरून गाडी रस्त्याबाहेरच्या गवतात घेतली. गवत दिसायला टणक होते, पण खाली चिखल होता, आणि डावे चाक आसापर्यंत रुतले. मोबाइलला रेंज नव्हती. चाळीस मिनिटांनी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढून काढली आणि पैसे घेण्यास नकार दिला. तेव्हापासून डांबर सोडायचे नाही, गरज पडली तर मागच्या रुंद जागेपर्यंत सावकाश मागे जायचे, हा नियम मी पाळते.

मे महिन्यात मेंढ्यांची लहान कोकरे रस्त्यावर बसलेली असतात, म्हणून वळणावर वेग अगदी कमी ठेवावा. पेट्रोल अ‍ॅबरफेल्डीतच भरून घ्यावे आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा.

जेवणाबद्दल सांगायचे तर ब्रिज ऑफ बाल्गी येथे चहापानाची एक छोटी जागा आहे, मात्र ती ऋतूनुसार चालू-बंद असते, त्यामुळे तिच्यावर पूर्ण अवलंबून राहू नये. डबा बरोबर असू द्या. थालीपिठाची भाजणी, पोहे, मेतकूट आणि लोणचे भारतातून आणता येते, पण दूध, तूप, खवा यांपासून बनलेले पदार्थ प्रवाशाला ब्रिटनमध्ये आणण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे-बर्फी घरीच ठेवा.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. दोन शंका आहेत. चावणाऱ्या बारीक माश्यांबद्दल बरेच वाचले. मे महिन्यात त्यांचा त्रास असतो का? आणि फॉर्टिंगॉलच्या पुढे आईला बसून पाहता येईल असे काय आहे?

प्रतिसाद (पर्थहून)

त्या माश्यांना इथे मिज म्हणतात. मेच्या अखेरीपासून त्या दिसू लागतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये सर्वाधिक असतात. वारा पडलेला, दमट हवा आणि संध्याकाळची वेळ असली की त्या थव्याने येतात. थोडा वारा सुटला की नाहीशा होतात. त्यामुळे मेचा पहिला किंवा दुसरा आठवडा निवडावा. त्या सुमारास दिवस मोठा असतो, बर्च झाडांना नवी पालवी फुटलेली असते आणि झाडांखाली निळी रानफुले येतात. मिजपेक्षा गोचिडीकडे अधिक लक्ष द्या, कारण तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. गवतातून फिरल्यावर मुलीचे पाय आणि गुडघ्यांमागची बाजू रोज रात्री तपासावी.

आईंसाठी पहिली जागा मॅक्ग्रेगरची उडी. खोऱ्याच्या तोंडाशी नदी खडकांच्या चिंचोळ्या घळीतून जाते. सोळाव्या शतकात ग्रेगर मॅक्ग्रेगर या सरदाराने, मागे शिकारी कुत्रे लागले असताना, इथून पलीकडे उडी मारली असे सांगतात. पुढे तो पकडला गेला आणि 1570 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याची पत्नी शत्रूपक्षाच्या कॅम्पबेल घराण्यातली होती. तान्ह्या बाळाला झोपवताना तिने गायिलेले विलापगीत गेलिक या इथल्या जुन्या भाषेत आजही गातात. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या आईंना ही कथा तिथे, पाण्याच्या आवाजात सांगा. मुलीला मात्र काठाजवळ हात धरूनच न्या, कारण खडक निसरडे आहेत.

पुढे इनव्हरवार, इनरविक ही छोटी वस्ती लागते आणि मग ब्रिज ऑफ बाल्गी. त्यापुढचा मेगर्नी किल्ला खासगी आहे. तो लांबूनच पाहावा. 1692 मध्ये ग्लेनको येथे ज्यांचा पाहुणचार घेतला त्याच मॅकडोनल्ड कुळातील लोकांची सैनिकांनी कत्तल केली, त्या तुकडीचा कप्तान रॉबर्ट कॅम्पबेल याच खोऱ्यातला होता. रस्त्याच्या शेवटी 1950 च्या दशकात बांधलेले लुब्रीओख धरण आहे. तिथे गाडीत बसूनही सगळे डोंगर दिसतात.

प्रतिसाद (ठाण्याहून)

मी डोंगर चढण्यासाठी गेलो होतो, म्हणून एक जागा सांगतो. आपणा सर्वांना तिथे जाता येणार नाही, पण आईंना तिच्याबद्दल ऐकायला आवडेल. धरणाच्या पलीकडे, एका बाजूच्या खोऱ्यात दगड आणि गवताचे गुडघ्याएवढे घर आहे. त्यात पाण्याने गुळगुळीत झालेले दगड ठेवलेले असतात. मोठा दगड म्हणजे म्हातारी, मग म्हातारा आणि त्यांची मुले. मेच्या आरंभी त्यांना घराबाहेर आणून खोऱ्याकडे तोंड करून ठेवतात आणि नोव्हेंबर लागताना पुन्हा आत ठेवून दार बंद करतात. आपल्या गावाच्या वेशीवर तांदळा असतो, त्याला जसा हात लावायचा नसतो तसाच भाव तिथे माझ्या मनात आला. जायला-यायला पूर्ण दिवस लागतो आणि ओढे ओलांडावे लागतात. आपला भाऊ सशक्त असेल तर तो जाऊन येईल, मात्र दगडांना कुणीही हलवू नये.

तिसऱ्या दिवशी हवा स्वच्छ असेल तर ब्रिज ऑफ बाल्गीहून बेन लॉअर्स डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या चढाच्या रस्त्याने लॉख टे सरोवराकडे उतरा. हिवाळ्यात त्या रस्त्यावरील बर्फ काढत नाहीत, पण मेमध्ये अडचण येऊ नये. किलिन गावात डोखार्ट नदीचा धबधबा पुलावरून अगदी जवळून दिसतो. आईंना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. मुलीसाठी केनमोरजवळचे क्रॅनॉग केंद्र पाहा. लोहयुगात लोक सरोवरात खांब रोवून घरे बांधत, ते तिथे समजावून सांगतात. जुन्या जागेची प्रतिकृती 2021 मध्ये आगीत जळली आणि 2024 मध्ये केंद्र नव्या जागी सुरू झाले.

प्रश्नकर्ता

अ‍ॅबरफेल्डीत मेच्या दुसऱ्या आठवड्यातील दोन रात्रींचे घर आज नक्की केले. ग्रेगरच्या पत्नीची कथा आईला वाचून दाखवली, तेव्हा तिने त्या गीताचा अर्थ मिळेल का असे विचारले. भावाला तो शोधायला सांगितला आहे. आईसाठी छत्री आणावी का?

प्रतिसाद (ग्लासगोहून)

छत्री आणू नका, खोऱ्यातल्या वाऱ्यात ती उलटते. टोपी असलेला लांब रेनकोट आणि पकड चांगली असलेले बूट आणा, आणि आईंसाठी गाडीत एक घडीची खुर्ची ठेवा.